छंद आणि तालीम : ‘कशासाठी?’ या प्रश्नाचा इतिहास

मराठीत ‘छंद’ हा शब्द दोन घरी नांदतो. काव्यशास्त्राच्या घरी तो ओवी, अभंग यांसारख्या रचनाबंधांचे नाव आहे. व्यवहाराच्या घरी तो आवडीचे, नादाचे नाव आहे. संस्कृतात या शब्दाला इच्छा, स्वेच्छा असाही अर्थ होता. ‘स्वच्छंद’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे. व्यवहारातील मराठीने मात्र या स्वेच्छेकडे नेहमी थोड्या संशयानेच पाहिलेले दिसते. ‘छंदीफंदी’ हे विशेषण कोणी कौतुकाने वापरत नाही. ‘नाद लागला’, ‘खूळ भरले’ या वाक्प्रयोगांतही काळजीचाच सूर अधिक असतो. तिकिटे, नाणी, पुस्तके जमवण्याच्या बैठ्या छंदांना पुढे शालेय निबंधांनी प्रतिष्ठा दिली. शरीराने करावयाच्या छंदाला ती अजून पुरती मिळालेली नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या एका शिक्षिकेने ठरवले की आता शरीराने काहीतरी नवे शिकायचे; मग ते कराटे असो, दोरीचा मल्लखांब असो, लेझीम असो की समूहनृत्य. तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘कोणते?’ हा नसतो, ‘कशासाठी?’ हा असतो. वजन कमी करण्यासाठी, डॉक्टरांनी सांगितले म्हणून, स्वसंरक्षणासाठी, मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी यांपैकी कोणतेही उत्तर चालते. ‘आवडते म्हणून’ हे एकच उत्तर चालत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच ‘कशासाठी’ आहे. हा प्रश्न आजचा नाही, तो बराच जुना आहे, आणि त्याला प्रत्येक काळाने वेगळे उत्तर दिले आहे. ती उत्तरे क्रमाने पाहिली, तर आपल्या वाङ्मयाविषयीही काही हाती लागण्याजोगे आहे.

१. राजाचा विनोद आणि स्त्रियांचे कांडण

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा. राजाने वेळ कसा रमवावा याची त्यात मोठी यादी आहे आणि तिच्यातील प्रकारांना ग्रंथकार ‘विनोद’ म्हणतो. गीत, वाद्य, नृत्य यांच्याबरोबरीनेच तेथे मल्लविनोद येतो. मल्लांचे वयानुसार व बळानुसार वर्ग, त्यांचा आहार, त्यांचे श्रम यांचे वर्णन तेथे आहे, आणि खांबावर करावयाच्या ‘स्तंभश्रमा’चाही उल्लेख आहे. मल्लखांबाचा पूर्वज म्हणून याच उल्लेखाकडे बोट दाखवले जाते.

‘विनोद’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कुस्ती ही रमण्याची गोष्ट आहे असे या ग्रंथात निःसंकोचपणे मानलेले आहे. परंतु रमणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. रमतो तो राजा. मल्ल त्याच्यासाठी घाम गाळतो. एकाचे श्रम हा दुसऱ्याचा विनोद आहे.

याच ग्रंथातील दुसरा एक उल्लेख मराठीच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे सोमेश्वर नोंदवतो. ओवीच्या इतिहासातील ही अत्यंत जुनी साक्ष. मुसळाच्या उचलण्या-आदळण्याशी, पुढे जात्याच्या फेऱ्याशी ज्या रचनेची लय बांधली गेली, तीच रचना काव्यशास्त्राने ‘छंद’ म्हणून स्वीकारली. पुढे ज्ञानेश्वरांनी तिला ग्रंथाचे वैभव दिले. म्हणजे मराठीचा आद्य छंद हा शरीराच्या श्रमातून आला. ज्या बाईच्या दंडातून ती लय निघाली, तिला मात्र दुसऱ्या अर्थाचा छंद, म्हणजे स्वेच्छेने निवडलेला शरीराचा आनंद, क्वचितच मिळाला. संस्कृत वृत्तांची नावे पाहिली तरी देहाच्या हालचालीच दिसतात. मंदाक्रांता हळुवार पाऊल टाकते, शार्दूलविक्रीडितात वाघ खेळतो, भुजंगप्रयात ही तर सापाची चालच. शास्त्रकारांना लय प्रथम चालीत आणि क्रीडेत दिसली, कागदावर नंतर. वृत्ते शिकवताना लघुगुरू मोजून घेणारे आपण ही नावे मात्र केवळ पाठ करवून घेतो.

२. गोदाकाठचे दोन आवाज

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. तिच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूस पैठण आहे, आणि याच तालुक्यात जांब, म्हणजे आजचे जांब समर्थ आहे. देहाच्या खेळाविषयी मराठीत दोन वेगळी उत्तरे देणारे दोन कवी या एकाच नदीच्या परिसरात, एका शतकाच्या आत जन्मले.

पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या भारुडांत फुगडी, पिंगा, टिपरी, हमामा, हुतुतू, विटीदांडू, एकीबेकी असे कितीतरी खेळ आणले. सोळाव्या शतकातील मराठी माणसे कशी खेळत, याची इतकी जिवंत यादी दुसरीकडे सहसा सापडत नाही. अर्थात नाथांना खेळ हवा होता तो रूपकासाठी. फुगडी द्वैत सोडण्याची, विटीदांडू प्रपंचाचा. ‘कशासाठी?’ या प्रश्नाला नाथांचे उत्तर ‘परमार्थासाठी’ हे आहे. पण वाचकाला, आणि त्याहून अधिक भारुड पाहणाऱ्या प्रेक्षकाला, रूपकाआधी गिरकी जाणवते. नाथांनी खेळाला अध्यात्माचे निमित्त दिले आणि त्या निमित्ताच्या आडून खेळ टिकून राहिला. वारीच्या वाटेवर आजही प्रौढ स्त्रीपुरुष संकोच सोडून फुगडी घालतात, तिलाही भक्तीचेच संरक्षण आहे. वारीबाहेर, भर चौकात तीच माणसे तीच फुगडी घालणार नाहीत.

जांबेचे उत्तर निराळे. तेथे १६०८ मध्ये नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म झाला, ज्यांना आपण समर्थ रामदास म्हणून ओळखतो. लग्नमंडपातून निघून गेलेला हा मुलगा नाशिकजवळ टाकळीस राहिला. तेथे ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे संप्रदायाची परंपरा सांगते. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले आणि पुढे त्यांनी स्थापिलेले अकरा मारुती आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या मारुतिस्तोत्रातील मारुती पाहिला तर तो हात जोडून उभा असलेला दास नाही. तो वाढणारा, उडणारा, उचलणारा, भेदणारा देह आहे. क्रियावाचक विशेषणांची अशी रांग मराठी स्तोत्रवाङ्मयात विरळा. त्या स्तोत्राची पकड बुद्धीवर बसण्याआधी श्वासावर बसते, आणि लहान मुलांना ते अर्थ न कळता पाठ होते याचे कारण बहुधा हेच असावे.

समर्थांनी गावोगावी आखाडे काढले, तरुणांना जोर-बैठकांस लावले, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. त्याचा कालक्रम मात्र सावधपणे पाहावा लागतो. ‘दासबोध’ हा व्यायामाचा ग्रंथ नव्हे. प्रयत्न, सावधपणा आणि आळसाचा धिक्कार हे त्याचे विषय आहेत. हनुमंतस्वामींची बखर समर्थांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव आदींच्या लेखनातून समर्थांचे राष्ट्रगुरू हे रूप ठसठशीत झाले, न. र. फाटकांसारख्यांनी या रूपाची कठोर तपासणीही केली. या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते इतके पुरे की समर्थांच्या नावाने ‘कशासाठी?’ या प्रश्नाला एक भक्कम उत्तर मिळाले, ते म्हणजे बलोपासना. बळ मिळवणे ही उपासना ठरली, देह हा प्रसाद ठरला. तालमीत मारुती आला तो याच वाटेने. त्यामुळे व्यायामाला पावित्र्य लाभले, आणि त्याच वेळी त्यातील निखळ आनंदाचा उच्चार करणे अवघड होऊन बसले. उपासनेत मजा वाटली असे कोण सांगणार?

३. तालमीची भाषा

देऊळ मारुतीचे असले, तरी तालमीतली भाषा ऐकण्यासारखी आहे. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ शिक्षण. ‘मेहनत’ आणि ‘कसरत’ हेही अरबीतून आले. ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘जोर’, ‘खुराक’, ‘वस्ताद’ हे फारसीकडून. ‘दंड’, ‘मुदगल’, ‘मल्ल’ हे संस्कृताच्या वळणाचे आणि ‘बैठक’ देशी. हनुमानाच्या तसबिरीसमोर वस्ताद पैलवानाकडून मेहनत करून घेतो, या साध्या वाक्यात तीन-चार भाषा विनातक्रार राहतात. ज्या संस्थेची परिभाषा इतकी मिसळलेली आहे तिचा इतिहास एकजिनसी असणे शक्य नाही.

मराठवाड्यात या शब्दाला आणखी एक वळसा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. तेथे ‘तालीम’ म्हणजे सरकारी दप्तरातील शिक्षण. म्हणजे मातीचा हौद आणि शाळेचे खाते, दोहोंना एकच शब्द. आखाडे आणि खासगी शाळा यांवरील निर्बंध ही त्या संस्थानातील प्रजेच्या तक्रारींपैकी एक होती. सत्तेला पुस्तक आणि शड्डू या दोहोंची सारखीच धास्ती वाटावी, हे त्या शब्दाच्या दुहेरी अर्थाला साजेसेच होते.

या दोन अर्थांची सर्वांत अर्थपूर्ण गाठ मात्र पुण्यात पडली. लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) हे मांग समाजातील वस्ताद. त्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. पुढे जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या तेव्हा विद्यार्थी मिळवून देण्यात लहुजींचा हात होता. त्यांच्याच कुळातली मानली जाणारी मुक्ता साळवे ही त्या शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. मराठी गद्याच्या इतिहासात आपण तो निबंध वाचतो. त्यामागे एक आखाडा उभा आहे हे सहसा शिकवत नाही. एका तालमीने दुसऱ्या तालमीचे दार उघडले, असे येथे अक्षरशः घडले.

याच्या थोडे आधी, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात, बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. त्याची कथा अशी सांगतात की निजामाकडील अली आणि गुलाब नावाच्या दोन मल्लांनी पुण्यास आव्हान दिले, तेव्हा तरुण बाळंभटांनी सप्तशृंगीची आराधना केली, मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले आणि त्यांनी अलीला चीत केले. कथेत दैवी प्रसाद आहे आणि स्पर्धाही आहे. मात्र खांबाशी एकट्याने खेळण्याची ही कला पुढे शिष्यपरंपरेने ज्या रीतीने पसरली, ती पाहता तिच्यात जिंकण्यापलीकडचे काहीतरी होते असे वाटते. खांब उलटून डाव टाकत नाही. त्याच्याशी झुंज नाही, सराव आहे. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांनी आपल्या मुसलमान गुरूंच्या नावाने ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’ चालवले, आणि बडोद्यातच द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. एवढा प्रचंड मराठी ग्रंथ वाङ्मयेतिहासात मात्र क्वचितच भेटतो. परिभाषेच्या अभ्यासकाने तो एकदा तरी उघडावा.

४. राष्ट्र, शाळा, भरती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘कशासाठी?’चे उत्तर बदलले. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील आपले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे बलोपासनेला राष्ट्राचा अर्थ आला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारून कुस्तीला राजाश्रयाबरोबर लोकाश्रय दिला. कुस्तीच्या याच मराठी मातीतून आलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. ही सगळी परंपरा गौरवाची आहे. तिचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. परंतु तिच्यात व्यक्तीचा देह नेहमी कशाच्या तरी नावे जमा होत गेला : देवाच्या, देशाच्या, संस्थानाच्या, पदकाच्या.

हा गौरव कोणाच्या वाट्याला आला, हेही पाहावे. पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाली. डिसेंबर २०१८ मध्ये ती जालन्यात भरली आणि बाला रफिक शेख याने अभिजित कटके याला हरवून गदा जिंकली. तालमीच्या मिश्र भाषेची ती जणू साक्षच होती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. दोहोंमध्ये बासष्ट वर्षांचे अंतर आहे. सोमेश्वराच्या ग्रंथातील मल्ल आणि कांडण करणारी बाई यांच्यामधले अंतर त्याहून जुने आहे, इतकेच.

आज मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे गेल्यास रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. हा छंद नव्हे, पोलीस भरती आहे. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. दुष्काळी, कोरडवाहू प्रदेशात सरकारी नोकरीचे मोल काय असते हे ठाऊक असणाऱ्याला त्या धावण्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही. पण भरती झाली, किंवा वयाची मर्यादा उलटली, की त्यांतील बहुतेकांचे धावणे थांबते. ज्याने चार वर्षे रोज पहाट पाहिली, त्याला पहाटेचा स्वतःचा म्हणून काही आनंद होता का, हे कोणी विचारलेले नसते. मुलींसाठीच्या कराटे वर्गांचेही तसेच. तेथे मूठ वळायला शिकवतात ती कोणीतरी हल्ला करील म्हणून. मूठ वळण्यातला, हवेत पाय नेमका थांबवण्यातला आनंद हा या शिक्षणाचा अनपेक्षित उरलेला भाग.

आणि ज्यांच्या देहाला दिवसभराच्या श्रमाशिवाय पर्यायच नाही, त्यांचे काय? कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसाला व्यायामाचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. पण म्हणून त्याला देहाचा आनंदच नको, असे मानणे हे त्याहून अधिक क्रूर. पंचमीला झोका बांधणाऱ्या, फेर धरून गाणाऱ्या बायका याच राबणाऱ्या बायका होत्या. वर्षातून एखादा सण का होईना, त्यांनी कामाची लय मोडून आपल्या आवडीची लय धरली. तिलाही व्रताचे, सणाचे निमित्त लागले हे खरे. पण निमित्ताखाली आनंद होता, म्हणूनच ती गाणी टिकली.

५. लेझीम

या सगळ्या इतिहासात लेझमीची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. हा शब्द फारसी. मूळची लेझीम म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले सरावाचे धनुष्य. तिरंदाजाने दंड कमवावेत म्हणून ती ओढावयाची. म्हणजे ती युद्धाची पूर्वतयारी होती. महाराष्ट्रात येऊन ते धनुष्य लाकडी दांड्याचे झाले, साखळीत झांजा आल्या, पुढे हलगी-ढोल आले, आणि बाण न सोडणारे ते धनुष्य नाचू लागले. व्यायाम कोठे संपतो आणि नृत्य कोठे सुरू होते, हे लेझमीत सांगता येत नाही. यात्रेत, मिरवणुकीत पुरुष ती खेळत. शाळांनी ती मुलींच्या हाती दिली. शिवाय मराठीत लेझीम ‘करीत’ नाहीत, ‘खेळतात’. ज्या समाजाने जोर ‘काढले’, नमस्कार ‘घातले’, कसरत ‘केली’, त्यानेच लेझमीपाशी येऊन ‘खेळणे’ हे क्रियापद वापरले. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या ‘विनोद’ या शब्दाचे हे मराठी उत्तर म्हणता येईल. फरक असा, की येथे पाहणारा राजा नाही. जो घाम गाळतो तोच रमतो.

आरंभी कल्पिलेल्या त्या शिक्षिकेकडे आता वळू. तिने काय निवडावे हे इतिहास सांगू शकत नाही. पण निवडताना काय पाहावे, हे सुचवू शकतो. लहुजींच्या तालमीकडे पाहून ती विचारील की येथे कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही. मल्लखांबाकडे पाहून विचारील की मला प्रतिस्पर्धी हवा की नुसता खांब. भारुडाकडे पाहून तिला कळेल की निमित्त काढून घेतल्यावरही जे करावेसे वाटते तो आपला छंद. बहुतेक शाळांच्या सामानाच्या खोलीत लेझमींचा एक गठ्ठा पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीची वाट पाहत पडलेला असतो. तिने एखाद्या साध्या गुरुवारी, कोणताही दिनविशेष नसताना, तो गठ्ठा सोडवला आणि चार सहकाऱ्यांना बोलावले, तर कोणीतरी ‘कशासाठी?’ असे विचारणारच. तेव्हा तिने आरोग्य, राष्ट्र, स्वसंरक्षण यांपैकी काही सांगू नये. छंद, एवढेच सांगावे. मराठीच्या शिक्षिकेला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असतातच.